तार रेशमाची आहे म्हणालास

दादा, तू गेलास हे मला आधी खरं वाटलं नाही. दुःखानं माणसाचा विश्वास बसत नाही म्हणतात, तसं नव्हे. सवयीनं. तुझ्याकडून आलेली कुठलीही गोष्ट मी उलटीपालटी करून पाहिल्याशिवाय घेतली नाही, मग ही तरी कशी घेणार?

ठकूबाई दुपारची दारात येऊन उभी राहिली. विंझरची आपली जमीन तिचा नवरा कसतो, म्हणून ती वर्षातून दोनदा येतेच. पण डोक्यावर तांदळाची पाटी नाही, हातात काकड्यांचं फडकं नाही, अशी मोकळ्या हातानं ती भोरला कधी आलेली नाही. कापूरहोळच्या फाट्यापर्यंत चालत आणि पुढं कुणाच्या तरी बैलगाडीत बसून आली होती. मी तिच्या हातांकडंच बघत राहिले.

"ताई, दादा गेलं," ती म्हणाली.

"कुठं गेला?" मी विचारलं. खरंच विचारलं रे. मला वाटलं, पुण्याचं दुकान सोडून विंझरला आला होता, आता तिथूनही न सांगता कुठंतरी निघून गेला. तू तसलाच.

मग तिनं पदर तोंडाला लावला आणि मला कळलं.

"लई तरास न्हाई झाला," ती म्हणाली. "तापात बडबडत व्हतं. शेवटाला मातूर येकच धोशा. 'तिचा हात सोडला का? डावा हात सोडला का?' आमी म्हनलं, व्हय, सोडला. म्हनल्यावर गप पडलं. कुनाचा हात, ताई?"

"मला काय ठाऊक," मी म्हणाले. पण माझ्या मनात पाल चुकचुकलीच. मरताना माणूस देवाचं नाव घेतो, आईला हाक मारतो. तू डाव्या हाताची चौकशी केलीस. आयुष्यभर तेच केलंस म्हणा.

तुला आठवतं ना सगळं? नसेल आठवत तर मी आठवण करून देते, आता तुला उठून जाता येणार नाही. विंझरच्या घरात आपण जेवायला बसायचो. आबा मधे, तू त्यांच्या उजव्या हाताला आणि मी बरोबर तुझ्यासमोर. ती जागा आबांनी मुद्दाम दिलेली. मी डावखुरी. कुलकर्ण्यांच्या घरात मुलगी डाव्या हातानं घास घेते म्हणजे काय! माझा डावा हात मांडीखाली दाबून ठेवायचा आणि तो बाहेर आला का हे बघायचं काम तुझं. तू किती इमानानं केलंस ते! तुझं स्वतःच्या पानाकडं लक्ष नसायचं. मी भूक लागून पटकन हात बदलला की तुझा बारीक आवाज यायचा, "आबा, यमीनं डाव्या हातानं घास घेतला." झालं. पान उचललं जायचं आणि आबा जुन्या धोतराची पट्टी फाडून माझा हात कमरेशी बांधायचे. पुढं पुढं तर ते मला काही विचारायचेसुद्धा नाहीत. तुझ्या तोंडाकडं बघायचे आणि पट्टी आणायचे.

माझा हात वळला अखेर. सगळं उजव्यानं करते आता. पण माझी रांगोळी अजून वाकडी येते आणि अक्षर बघून लोक विचारतात, शाळेत गेला होतात का. आणि तू समोर आलास की माझा डावा हात आपोआप पदराखाली जायचा, हे तुला कधी दिसलं का, कोण जाणे. दिसलं असणार. तुला हात तेवढे दिसायचे.

मग मला मनू झाली आणि तीही डावखुरी निघाली. खुळखुळासुद्धा डाव्या हातात. सासूबाईंनी पहिल्यांदा हसण्यावारी नेलं, पाचव्या वर्षी मात्र फडकं काढलं. लाल काठाचं, स्वच्छ धुतलेलं, मऊ. आबांच्या पट्टीपेक्षा बरं म्हणायचं. मी स्वयंपाकघरात उभी राहून गाठ मारताना बघत होते. बोलायची सोय कुठं होती? हे कचेरीतून आले, त्यांनी पाहिलं, आणि "आईला कळतं" म्हणून पगडी खुंटीला लावली.

तू मनूला बघायला आलास की मला धास्ती असायची. तू जेवायला तिच्यासमोर बसू नयेस म्हणून मी तुझा पाट मुद्दाम यांच्या शेजारी मांडायची. तू एकदा म्हणालास, "यमे, मला पोरीपासून इतकं लांब का बसवतेस?" मी म्हटलं, "तिथं वारा चांगला येतो." चांगला कोपऱ्यातला पाट होता तो, वाऱ्याचा काय संबंध!

पेटीवरून आपलं वाजलं ते त्याच सुमाराला. भोरात चार घरी मुली पेटी शिकत होत्या. बघायला येणाऱ्यांपुढं मुलीनं चार ओळी वाजवल्या की काम सोपं होतं. तू पुण्याला लष्कर भागात वाद्यांच्या दुकानात दुरुस्तीला होतास, म्हणून मी तुला म्हटलं, मनूसाठी एखादी जुनी पण चांगली पेटी बघ. तू तिथल्या तिथं नाही म्हणालास.

"पेटीत डाव्या हाताला काय काम? नुसता भाता हलवायचा. मनूला गिटार आणतो."

"काय आणतोस?"

"गिटार. सतारीसारखीच असते, पण पोटाशी धरायची."

"गोव्याचे बँडवाले वाजवतात ती? आमच्या घरात? सासूबाई मला उंबऱ्याबाहेर काढतील."

"सासूबाईंचं मी बघतो," तू म्हणालास, आणि हसलास. तिथं माझी खात्री पटली की पाणी कुठंतरी मुरतंय. तुला दुकानात न खपलेला माल खपवायचा असेल. किंवा कुणा गोव्याच्या बाईनं दिलं असेल आणि तुला ते जवळ ठेवता येत नसेल. काय काय मनात आलं म्हणून सांगू! लग्न न केलेल्या भावाबद्दल बहिणीच्या मनात काय येणार? आता तुझ्या सामानात कुणाचा फोटो निघतो का ते मी यांना बघायला सांगितलं होतं. नाही निघाला. त्याचंही वाईटच वाटलं.

तू आलास तो सर्व्हिस मोटारीच्या टपावर घोंगडीत बांधलेली दोन बोचकी घेऊन. माजघरात घोंगडी सोडलीस. एक गिटार मोठी, नवी, आरशासारखी लखलखीत. दुसरी लहान, रंग उडालेली, पोटावर एक ठिगळ बसवलेलं. शेजारच्या काकू डोकावून म्हणाल्या, "अगं बाई, सतारीची पोर का ही?" मी मनात म्हटलं, दादा आता भाचीच्या तोंडाला पानं पुसणार. चांगली दाखवायला आणलीय आणि ठिगळाची गळ्यात बांधणार.

पण तू मनूला पाटावर बसवलंस, आधी मोठी तिच्या मांडीवर दिलीस. बिचारी तिच्याआड नाहीशी झाली, नुसते डोळे वर. उजवा हात वरून टाकायला गेली तर काख फाटायची वेळ. ती काढून घेतलीस आणि लहान दिलीस. ती बसली पोटाशी. मग म्हणालास, "यमे, एक चिंचोका आण."

"चिंचोका कशाला?"

"आण तर."

तू तो चिंचोका गळ्याच्या टोकाला तारेखाली सरकवून बघितलास. मोठ्या गिटारीत तो खुशाल आरपार गेला. "हिच्या तारा उंच. पोरीच्या बोटांना घट्टे पडतील आणि आठ दिवसांत ती वाद्य टाकून देईल," म्हणालास. लहान गिटारीत चिंचोका अडकला. तरी तुझं समाधान नाही. तारा टेकतात ती खालची हाडाची घोडी काढून कानशीनं घासत बसलास, फुंकर मारून परत लावलीस, परत चिंचोका घातलास. मग मनूला डोळे मिटायला लावून दोन्ही गिटारींच्या पोटाला तिचा कान लावलास आणि एकेक तार छेडलीस. "कुठली बोलते तुझ्याशी?" मनू म्हणाली, "ठिगळवाली." मला तर वाटलं, तूच तिला शिकवून ठेवलं असशील.

आणि मग ते झालं. तू म्हणालास, "मने, डावा हात दाखव."

तिच्या मनगटावर फडक्याचा वळ होता. तू तो हात आपल्या तळव्यावर घेतलास आणि बघत राहिलास. ती तुझी नजर, दादा! विंझरच्या पानावरची. एकेक बोट सरळ करून बघितलंस, गळ्याला लावून बघितलंस.

"काय बघतोस?" मी म्हटलं.

"माप घेतोय."

माप! आणि माप घेऊन झाल्यावर तू उठलास तो थेट सासूबाईंच्या खोलीत. दार ओढून घेतलंस. मी बाहेर भिंतीला लागून उभी. काही ऐकू येईना, नुसती कुजबूज. मी मनूला जवळ ओढलं. म्हटलं, गेला चुगली करायला. तीस वर्षं झाली तरी खोड जात नाही. आता सासूबाई दुसरं फडकं काढतील, याहून घट्ट.

तू बाहेर आलास तेव्हा डोळे लाल होते. मी विचारलं तर म्हणालास, "आत धूप फार आहे." सासूबाई मागून आल्या आणि जाहीर केलं, "पोरगी वाजवायला बसेल तेव्हा फडकं नको. ह्या वाद्यात उजवा हात वाजवतो, डाव्यानं नुसतं धरायचं असतं म्हणे. धरायला काही हरकत नाही."

नुसतं धरायचं! मी काय आंधळी होते? डाव्या हाताचीच तर बोटं नाचतात गळ्यावर, उजवा आपला खालीवर करतो. सासूबाईंना तू धडधडीत फसवलंस असं मला वाटलं. बरं वाटलं आणि भीतीही वाटली. उद्या कळलं तर?

पण माझी खरी झोप उडवली त्या तारांनी. मी बोटानं चाचपलं तर वरच्या तीन जाड तारांना चांदीसारखा तारेचा वेढा, खालच्या तीन मात्र पिवळट, गुळगुळीत, धातूच्या नव्हेतच. पिंजाऱ्याच्या धनुकलीला तात असते, अगदी तसल्या. तात म्हणजे आतडं. बकऱ्याचं आतडं, सासूबाईंच्या घरात, देवघराच्या भिंतीपलीकडं!

"ही कसली तार?" मी तुला बाजूला घेऊन विचारलं.

"रेशमाची."

"खरं सांग."

तू खिशातून तुटलेली एक जाड तार काढलीस, वेढा उलगडलास. आत खरंच रेशमाचे धागे. "बघ. सोवळ्यात चालेल."

"ही जाड. आणि त्या बारीक?"

"त्याही तशाच," म्हणालास, पण माझ्याकडं बघून नाही म्हणालास. मोटार चुकेल म्हणून जोडे घातलेस. मोटारीला अजून पुष्कळ अवकाश होता.

पुढं एक बारीक तार तुटली तेव्हा मी तुकडा उचलून ठेवला आणि घरात कुणी नाहीसं बघून चुलीत टाकला. केस जळल्यासारखा भपकारा सुटला. म्हटलं, सापडलास! मग वाटलं, रेशीमही बघावं. माझ्या जुन्या रेशमी कदाच्या पदरातला धागा ओढून टाकला. तर तोच वास! आता काय करायचं? दोन्ही सारखंच जळतं, दादा. देवानं तुझीच बाजू घेतली. तेवढ्यात आतून सासूबाई म्हणाल्या, "केस जळल्याचा वास कुठून येतोय गं?" मी म्हटलं, "माझाच केस पडला चुलीत." त्यांनी पुढं काही विचारलं नाही. पुढं विचारणार नाहीत अशा त्या बाई नव्हेत, हे मला तेव्हाच खटकायला हवं होतं.

मनू शिकली. तू महिन्यातून एकदा यायचास, तिच्यासमोर बसायचास. समोर! आणि तिच्या डाव्या हातावर डोळे लावून. "करंगळी उचल. अशी. वा!" मी दाराआडून बघायची. ज्या डोळ्यांनी माझा हात बांधला गेला त्या डोळ्यांपुढं माझी लेक डाव्या हाताची बोटं पळवत होती आणि तुझ्या तोंडून "वा" निघत होतं. मला आनंद व्हायचा, आणि खोटं कशाला बोलू, जळायचंही. फडकं आधी वाजवताना सुटलं, मग वाजवून झाल्यावर बांधायचं राहू लागलं, मग ते भांडी पुसायला गेलं. मनू आता लिहिते डाव्यानं, जेवायला मात्र उजवा. तेवढं तिनं आपणहून आजीसाठी ठेवलंय.

तुझ्या दहाव्याला हे विंझरला गेले होते. घरात आम्ही तिघीच. मनू गिटार घेऊन ओसरीवर बसलेली, पण वाजवत नव्हती. मामा जाऊन दहाच दिवस झालेले, वाजवायचं कसं? सासूबाईच म्हणाल्या, "वाजव गं. मामाला बरं वाटेल." मग माझ्याकडं वळून म्हणाल्या, "आतड्याची तार गोड बोलते नाही? लोखंडाला तो गोडवा नाही."

माझ्या हातातली पळी खाली पडली.

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"त्यानं पहिल्याच दिवशी सांगितलं. माझ्यापुढं खोटं बोलला नाही तो. रेशमाची म्हणून तुला सांगायचं मीच सुचवलं. तू संशयी, तुझ्या पोटात धसका बसला असता. माझ्या भीतीनं तू पोरीला वाद्याला हात लावू दिला नसतास."

घ्या! म्हणजे माझा संशय खरा होता. चुलीत तार जाळली तेव्हाही खरा होता. फक्त मी एकट्या तुझ्यावर घेतला, आणि दोघांनी मिळून मला बनवलंत.

"आणि धरायचं नुसतं, ते?" मी विचारलं.

"मला का डोळे नाहीत? ते शेजारणींना सांगायला बरं." सासूबाईंनी मला जवळ बसायची खूण केली. "सूनबाई, त्या दिवशी तुझा भाऊ माझ्यापुढं जमिनीवर बसला आणि रडला. म्हणाला, आमच्या घरी एका पोरीचा हात बांधला गेला तो माझ्या जिभेमुळं. आबांनी मला शाबासकी द्यावी म्हणून मी सांगायचो. कधी कधी तिनं घेतला नसला तरी सांगायचो. आता हिचा हात सोडा. पुरुषमाणूस असा रडल्यावर मी काय करणार?"

नसला तरी! दादा, मला वाटायचंच ते. मी आबांना रडून सांगायची की आत्ता नाही घेतला, आणि आबा म्हणायचे, दादा खोटं बोलेल का? इतक्या वर्षांनी मला कुणीतरी सांगितलं की मी खरं बोलत होते. आणि सांगितलं कुणी, तर सासूबाईंनी!

मला का नाही सांगितलंस रे? दर महिन्याला येत होतास. माझ्या हातचा चहा पीत होतास. मी कोपऱ्यात पाट मांडायची तिथं मुकाट्यानं बसत होतास. एकदा म्हणायचंस, यमे, चुकलं. मी भांडले असते, दोन महिने बोलले नसते, मग बोलले असते. ते भांडण तू माझ्याकडून हिसकावून घेतलंस. याची मात्र तुला माफी नाही. गिटारीबद्दल आहे, तारांबद्दलसुद्धा आहे. याबद्दल नाही. आणि तू नाहीस म्हणून मला रात्रंदिवस रडू येतंय, तेही सांगून ठेवते, नाहीतर म्हणशील यमीला काही वाटलं नाही.

त्या दुपारी पानं वाढली. तुझ्यासाठी दहीभाताचं पान परसातल्या कट्ट्यावर ठेवून आले. कावळा लगेच आला; भुकेला असेल, मी त्यावर काही बोलत नाही. मग मी पाटावर बसले. समोर सासूबाई, शेजारी मनू. मी डावा हात पदराखालून काढला आणि भात कालवला. बोटांना काही सुचेना, अर्धा घास पानातच सांडला. मनू टक लावून बघत राहिली. सासूबाईंनी पाहिलं, आणि मान वळवून ताकाचं भांडं पुढं ओढलं.

तो घास मी खाल्ला. आबा तिकडंच आहेत, तुझ्याजवळ. तिचा हात सोडला का म्हणून विचारत होतास ना? सोडला. आता जा, सांग आबांना, यमीनं डाव्या हातानं घास घेतला.